आचरानीती

अर्ज टाइप करताना चूक माझीच झाली.
'आचारनीती समिती'च्या जागी उमटलं
'आचरानीती समिती'.
बोटांना गावाचं नाव आधी आठवतं.
अध्यक्षबाईंनी हिरव्या शाईने गोल केला,
बाकी काही बोलल्या नाहीत.

सोळा पानं, पाच प्रती.
विषय : आचऱ्याच्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायकांच्या
हातांवरच्या जखमा आणि त्यांचे घरगुती इलाज.
सहभागींना धोका?
मी लिहिलं, माझ्या प्रश्नांपासून नाही.
परत आलं : स्पष्ट करा.
मोबदला?
चहा, दोन बिस्किटं.
परत आलं : चहा हे प्रलोभन ठरते का, खुलासा करावा.

मी हसले.
मग आठवलं, दोघं जण आली होती कॅमेरा घेऊन,
शेवंती मेथरच्या तळव्याचा फोटो काढून गेली.
तो छापला गेला कुठल्याशा कॅलेंडरवर, मे महिन्याच्या पानावर,
आणि तिला तो दिसला सोनाराच्या भिंतीवर,
बांगडी गहाण ठेवताना.
खुलासा मग नीट लिहिला. दीड पान.

चार महिने गेले.
आमच्याकडे कौल लावतात तेव्हा
ओल्या पाकळ्या चिकटवतात देवाला,
गुरव गाऱ्हाणं घालतो,
उजवी पडली की होय.
तेवढ्या होकारावर अख्खा गाव घरं सोडून
वेशीबाहेर राहायला जातो, कोंबड्या-कुत्र्यांसकट,
कोणी म्हणत नाही, साक्षांकित प्रत जोडा.
माझी पाकळी मात्र
कुठल्या टेबलावर पेपरवेटखाली वाळत होती, कोण जाणे.

अकरावा रकाना :
संशोधकाचे कोणा सहभागीशी पूर्वसंबंध असल्यास नमूद करावेत.
यादीतलं सतरावं नाव.
मी लिहिलं : आई.

मंजुरी आली, एका अटीवर.
क्रमांक सतरा वगळावा.

चोवीसच्या तेवीस झाल्या.
ओहोटीला पिरावाडीखालच्या खडकावर बसून
मी संमतीपत्र मोठ्याने वाचलं, मालवणीत करून :
"मधीच नको वाटला तर उठान जावा,
कोण इचारूचो नाय, कित्याक म्हणान."
शेवंतीकाकी कोयती थांबवून म्हणाली,
"असो कागद माज्या लग्नात कोणी वाचूक नाय गो."
सगळ्या हसल्या.
मग ओळीने सह्या, अंगठे.
अंगठे फिकट उठले,
निम्म्या रेषा कालवांनी केव्हाच घासून नेलेल्या.

आई थोडी पलीकडे, पाठ करून बसली होती.
तिच्या कोयतीचा ठोका
माझ्या प्रत्येक वाक्याला जरा मंद होत होता.

रात्री ताटात कालवांचं सुकं वाढलं तिनं.
"माका कित्याक इचारलंस नाय?"
"नियम आसा. तू माजी आवस."
"म्हणजे मी खोटा सांगतलंय?"
"तसा नाय. माका 'नाय' म्हणूक
तुका जमाचा नाय, म्हणान."
भात चाचपत ती बराच वेळ गप्प.
"खरा आसा," म्हणाली,
आणि न विचारता आणखी एक डाव वाढला.

तिच्या डाव्या तळव्यावर एक लांब वण आहे,
माझ्या दहावीच्या फॉर्मची फी भरायची होती
त्या आठवड्यातला.
हळद दाबली होती. टाके घालायला गेली नाही.
हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही,
बसवायची मला परवानगीही नाही.

प्रबंधात तक्ता क्रमांक चार :
सोळानंतर सरळ अठरा.
मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलने लिहिलं, क्रम सुधारा.
मी तशीच ठेवली ती फट,
आणि खाली बारीक अक्षरात तळटीप दिली :
ही चूक टायपिंगची नाही.